फाइलीतली रिकामी जागा



या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, नाटकावर, मराठ्यांच्या इतिहासावर बोललेली माणसे मी श्रोत्यांत बसून ऐकली आहेत. यंदा बोलायला मला उभे केले, तेव्हा मी अट घातली की औषधांवर बोलणार नाही, त्यासाठी दवाखाना आहे. मग बोलणार कशावर? तर संगणकातल्या एका फाइलीवर. होमिओपॅथीच्या डॉक्टरने डेटाबेसवर बोलावे हे जरा विचित्रच. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि चूक केलेल्या माणसाला तो विषय पुस्तक वाचलेल्या माणसापेक्षा जास्त लक्षात राहतो.

सुरुवात २००६ पासून करतो. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी त्या ऑगस्टची एक तरी खूण असेल, भिंतीवरची नाहीतर मनातली. इथून शंभरेक किलोमीटरवरच्या उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी तापीत सोडले गेले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. माझा दवाखाना अडाजणला, तळमजल्यावर. पाणी छातीच्या वर चढले. १९८८ पासूनचे केसपेपर लाकडी कपाटात होते. होमिओपॅथीचा केसपेपर म्हणजे नुसते नाव आणि औषध नसते. माणूस झोपतो कसा, तहान किती, कशाची भीती वाटते, आईवडिलांना कोणते आजार होते, हे सगळे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे असते. लिंबायत, उधन्याकडून येणाऱ्या आमच्या खानदेशी बायाबापड्या अहिराणीत सांगत, मी अहिराणीतच लिहीत असे.

पाणी ओसरल्यावर सहाएक हजार केसपेपरांचा लगदा हाती आला. गच्चीवर दोऱ्या बांधून, पंखे लावून त्यांतले अडीच हजार वाचण्याजोगे झाले. मी वाचायचो आणि सौ. टाइप करायची. दोन वर्षे रोज रात्री हे काम चालले. तेव्हापासून दवाखाना संगणकावर आला.

पुढे बारा-तेरा वर्षे सुखाने गेली. २०१९ मध्ये एक दिवस पडद्यावर सूचना आली की डेटाबेसची फाइल मर्यादेला टेकत आली आहे. आमचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट मिळणाऱ्या एक्स्प्रेस आवृत्तीवर चालतो. त्या आवृत्तीत एका डेटाबेसला पूर्वी ४ जीबीची मर्यादा होती, २०१० पासून ती १० जीबी झाली. आमची फाइल ९.२ जीबीवर पोचली होती.

ओळखीतला एक मुलगा संगणकाचे बघायचा. तो म्हणाला, "डॉक्टरकाका, दहा वर्षांत न आलेले पेशंट उडवा. मग फाइल श्रिंक करून टाकू, आकसून लहान होईल." मला ते पटले. पटले असेच नाही, आवडलेही. आम्ही जैन, अपरिग्रह लहानपणापासून कानावर पडलेला. नको ते साठवू नये, हे संगणकालाही लागू, असे मी मनाशी म्हटले. अठराशे रुग्णांच्या नोंदी पुसल्या. फाइल बघितली, तर ९.२ ची ९.२. मुलगा म्हणाला, "हे असंच असतं, आता श्रिंक." श्रिंक केल्यावर फाइल ७.७ झाली. दर रविवारी रात्री हे आपोआप व्हावे अशी व्यवस्थाही त्याने लावून दिली. मी त्याला पेढे दिले.

महिना संपला आणि फाइल पुन्हा ९.२ झाली. आणखी एक गोष्ट सुरू झाली. पूर्वी जुना रुग्ण समोर बसला की तीन-चार सेकंदांत त्याची माहिती उघडायची. आता अर्धा-अर्धा मिनिट चक्र फिरत राहायचे. म्हाताऱ्या आजी विचारायच्या, "डॉक्टर, मशीन बिघडलं का?"

शेवटी माझे एक रुग्ण मदतीला आले. ते एका प्रोसेसिंग मिलच्या संगणक विभागात काम करून निवृत्त झाले होते. त्यांनी माझ्याच प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे आकृत्या काढून मला जे समजावले, ते आज तुम्हाला सांगतो. मात्र त्यांच्या आकृत्या बाजूला ठेवून मी आपल्या मंडळाच्या ग्रंथालयाचा दाखला घेतो.

समजा ग्रंथालयात वीस कपाटे आहेत. पुस्तके लेखकवार लावलेली आहेत. चांगला ग्रंथपाल प्रत्येक फळीच्या शेवटी वीतभर जागा मोकळी ठेवतो, म्हणजे खांडेकरांचे नवे पुस्तक आले की ते खांडेकरांजवळच बसते. आता काही जीर्ण पुस्तके काढून टाकली. फळ्यांवर जागा झाली. म्हणून कपाटे वीसची एकोणीस होतात का? नाही. डेटाबेसची फाइलही अशीच आहे. आत ८ केबीची एकेक पाने असतात. नोंद पुसली की पानात जागा होते, पान रिकामे झाले तर ते पुढच्या नोंदीसाठी राखीव राहते, पण फाइलीचा बाहेरचा आकार तोच राहतो. हा बिघाड नव्हे. ती जागा पुन्हा वापरली जाणार आहे.

आता एखादा उत्साही गृहस्थ म्हणतो, इतकी जागा मोकळी आहे तर विसावे कपाट विकून टाकू. तो काय करतो? विसाव्या कपाटातले पुस्तक उचलतो आणि पहिल्या कपाटापासून शोधत जाऊन जी पहिली फट दिसेल तिथे खुपसतो. मग दुसरे, मग तिसरे. लेखक कोण, विषय कोणता, हे तो बघत नाही. एकही पुस्तक हरवत नाही. प्रत्येकाची नवी जागा सूचीत नीट लिहिली जाते. पण कोणी एकाच लेखकाची सगळी पुस्तके मागितली की शिपायाला आठ कपाटांपुढे आठ वेळा स्टूल सरकवावे लागते. श्रिंक म्हणजे हेच. फाइलीच्या शेवटची पाने उचलून पुढच्या रिकाम्या जागी टाकायची आणि शेपूट कापायचे. पानांचा क्रम त्यात विस्कटतो. माझ्या दवाखान्यातले ते फिरणारे चक्र म्हणजे आठ कपाटांपुढे फिरणारा शिपाई होता. आजच्या नव्या प्रकारच्या डिस्कवर हा त्रास कमी जाणवतो, माझ्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तो पुरेपूर जाणवला.

मग क्रम पुन्हा लावून घ्यावा, असे तुम्ही म्हणाल. लावता येतो. इंडेक्स नव्याने बांधता येतो. पण पुस्तके पुन्हा लावायची तर आधी ती मांडायला रिकामी टेबले लागतात. इंडेक्सची नवी प्रत तयार होईपर्यंत जुनी जागेवरच असते, म्हणून फाइलीला जादा जागा लागते आणि फाइल वाढते. ती वाढली म्हणून माणूस पुन्हा श्रिंक करतो आणि क्रम पुन्हा विस्कटतो. घाण्याच्या बैलासारखे हे चालते, आणि घाण्यातून तेल तरी निघते.

दुसरी गोष्ट. फाइल महिनाअखेरीस पुन्हा ९.२ का व्हायची? आमचा प्रोग्राम महिन्याचे हिशेब आणि अहवाल काढताना फाइलीतच कामचलाऊ तक्ते तयार करतो आणि काम झाले की पुसतो. त्याला दीड जीबी जागा लागते. म्हणजे मी दर रविवारी जी जागा 'वाया गेलेली' म्हणून कापत होतो, ती त्याची कामाची जागा होती. लग्नघरातला मांडव लग्नाच्या आदल्या रात्री मोडण्यासारखे हे झाले. शिवाय जुन्या आवृत्तीत फाइल एका वेळी १ एमबीनेच वाढायची, तसेच ठरवून दिलेले असे. २०१६ च्या आवृत्तीपासून ते ६४ एमबी झाले. आमची आवृत्ती जुनी. दीड जीबी परत मिळवायला तिला पंधराशे वेळा हातभर-हातभर जागा मागावी लागत होती, तीही बाहेर रुग्णांची रांग लागलेली असताना.

तिसरी गोष्ट लॉगची. सुरतेत राहणाऱ्या आपल्याला ती लगेच कळेल. पेढीवर आधी रोजमेळ लिहितात, म्हणजे आपली रोजकीर्द, आणि मग खतावणी होते. डेटाबेसमध्ये लॉग हा रोजमेळ. प्रत्येक बदल आधी तिथे लिहिला जातो, म्हणून मध्येच वीज गेली तरी हिशेब जुळवता येतो. श्रिंक करताना हलवलेल्या पानांची नोंदही याच रोजमेळात होते, म्हणजे एक फाइल आकसताना दुसरी फुगते. आमच्याकडे पूर्ण नोंद ठेवण्याची पद्धत चालू होती. त्या पद्धतीत लॉगचा बॅकअप घेतल्याशिवाय जुन्या नोंदींची जागा मोकळी होत नाही. तो बॅकअप कोणी कधीच घेतला नव्हता. परिणामी रोजमेळ खातेवहीच्या दुप्पट झाला होता. त्याला उपाय कापणे हा नव्हता. लॉगचा नियमित बॅकअप घेणे, किंवा इतकी बारीक नोंद नको असेल तर साधी पद्धत निवडणे, हा होता. साध्या पद्धतीत बिघाड झाला तर शेवटच्या बॅकअपनंतरचे काम हातचे जाते, हे मात्र समजून निवडायचे.

चौथी गोष्ट कळली तेव्हा मला हसू आले. मला वाटायचे, फाइल लहान केली की बॅकअपही लहान होईल. तसे होत नाही. बॅकअपमध्ये वापरात असलेली पानेच जातात, रिकामी जात नाहीत.

हे सगळे सांगून झाल्यावर त्या गृहस्थांनी मला जो प्रश्न विचारला, तो खरे तर मीच रुग्णांना रोज विचारतो. ते म्हणाले, "डॉक्टर, सूज कुठे आहे ते पाहिलंत का?" मी पाहिले नव्हते. त्यांनी कोणत्या तक्त्याने किती जागा घेतली याची यादी काढली. ९.२ पैकी साडेसहा जीबी फोटोंचे होते. त्वचेच्या चट्ट्यांचे, एक्स-रेचे, रिपोर्टांचे मोबाइलवर काढलेले फोटो, प्रत्येकी ४ एमबीच्या घरातले, आम्ही थेट डेटाबेसमध्ये टाकत होतो. असे सोळाशे फोटो होते. आणि लिहिलेली माहिती? एका रुग्णाची सविस्तर केस, तीन-चार पाने मराठी मजकूर, साधारण १० केबी. मी पुसलेल्या अठराशे रुग्णांचा हिशेब त्यांनी कागदावर मांडला: १८ एमबी.

मित्रहो, म्हणजे पाच फोटो. पाच फोटोंएवढी जागा मिळवण्यासाठी मी अठराशे माणसांचे बोलणे पुसले होते. दीड जीबी जे आकसले, त्याचा या पुसण्याशी संबंधच नव्हता.

नोंदी पुसल्यानंतर पाचएक महिन्यांनी एक बाई आल्या. लहानपणी आईचे बोट धरून माझ्याकडे यायच्या. आई जाऊन बरीच वर्षे झाली. बाईंच्या डोळ्यांची तपासणी चालू होती आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारले होते की घरात कोणाला काचबिंदू होता का, कोणत्या वयात निघाला. काचबिंदूत घरचा इतिहास महत्त्वाचा असतो. बाई म्हणाल्या, "डॉक्टरकाका, आईचं तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असेल."

लिहिलेले होते. मला तो केसपेपर आठवत होता, कारण पुरानंतर त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या आणि वय सांगणारी ओळ आम्ही दोघांनी भिंग घेऊन लावली होती. आकडा काही केल्या आठवेना. बॅकअप? आमच्याकडे सात दिवसांचे बॅकअप राहत, आठव्या दिवशी जुना पुसला जाई. पाच महिन्यांपूर्वीचा कुठून असणार? तापीच्या पाण्यातून वाचलेली नोंद माझ्या एका बोटाने गेली होती.

मी त्यांना खरे सांगितले. डोळ्यांच्या डॉक्टरांना "आईला काचबिंदू होता, वय ठाऊक नाही" एवढे तरी नक्की सांगा आणि तपासणी टाळू नका, असेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पुरात गेली असती तर वाईट वाटलं नसतं, काका." त्यांनी दोष दिला नाही. उठताना नेहमीप्रमाणे पाया पडल्या. त्या दिवशी मला ते सोसले नाही.

अपरिग्रहाचा मी काढलेला अर्थ किती उथळ होता हे मला नंतर कळले. शास्त्रकारांनी वस्तूपेक्षा वस्तूवरच्या आसक्तीला परिग्रह म्हटले आहे. रुग्णाची नोंद माझी मालमत्ता नाही, ती त्याची ठेव आहे. ठेव फेकून देण्याला त्याग म्हणत नाहीत. आमच्याकडे कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, भांडारांतल्या जुन्या पोथ्या काढून झटकतात, त्यांना हवा देतात, वाळवी आणि ओल बघतात, वेष्टन बदलतात. भांडारात जागा कमी पडते म्हणून कोणी पोथ्यांची पाने कापत नाही.

आता आम्ही काय केले ते सांगतो, कारण नुसती हळहळ सांगून व्याख्यान संपवू नये. फोटो डेटाबेसबाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. डेटाबेसमध्ये फक्त कोणता फोटो कुठे आहे त्याचा पत्ता राहिला. यात एक जबाबदारी वाढते: बॅकअप आता दोन्हींचा घ्यावा लागतो. फोटो बाहेर गेल्यावर वापरातली जागा १.२ जीबी उरली, महिनाअखेरची कामाची दीड जीबी धरून २.७. तेव्हा मात्र आम्ही श्रिंक केले, एकदाच. कारण ती साडेसहा जीबी जागा पुन्हा लागणार नव्हती. दवाखाना बंद असलेल्या दिवशी, थोडे-थोडे करून, फाइल ४ जीबीवर आणून थांबलो. हाडापर्यंत कापले नाही. नंतर इंडेक्स नीट लावून घेतले. त्यांना लागणारी टेबले त्या शिल्लक जागेत मावली. रविवारची व्यवस्था काढून टाकली. आपोआप आकसण्याची एक सोयही या प्रोग्रामात असते. फाइलीत २५ टक्क्यांहून जास्त जागा मोकळी दिसली की ती स्वतःच कामाला लागते. ती मुळात बंदच असते आणि ती बंदच ठेवावी. फाइल वाढलीच तर एका वेळी २५६ एमबीने वाढेल असे ठरवले, आणि दर तीन महिन्यांनी आत किती जागा उरली ते मी वहीत लिहितो. वजन लिहून ठेवायला रुग्णांना सांगतो, तसेच.

हे फक्त दवाखान्यापुरते नाही. तुमच्या मोबाइलमध्येही एसक्यूएलाइट नावाचा डेटाबेस असतो. त्यातही अनेकदा मजकूर पुसल्यावर जागा आतच राहते, आणि फाइल खरोखर लहान करायची तर ती सगळी नव्याने लिहावी लागते. त्यासाठी आधी जवळजवळ दुप्पट जागा लागते. मोबाइल भरला की आपण आधी काय पुसतो? जुने निरोप. ते काही केबींचे असतात. जागा खाल्लेली असते सुप्रभातच्या व्हिडिओंनी.

उकाईकडे परत येतो. त्या पुराच्या कारणांवर पुष्कळ वाद झाले, त्यात मी शिरत नाही. पण धरणाची पूर्ण पातळी ३४५ फूट असली तरी पावसाळ्याच्या सुरुवातीला ते तितके भरायचे नसते, टप्प्याटप्प्याने भरायचे असते, हे सुरतेत आज शाळकरी पोरालाही माहीत आहे. आषाढ-श्रावणात आपण पेपर उघडला की आधी उकाईची पातळी बघतो. धरणातली ती मोकळी जागा बघून कोणी म्हणत नाही की भिंत उगाच इतकी उंच बांधली. येणाऱ्या पाण्यासाठी ती राखलेली असते.

शेवटी एक विनंती. दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्या घरी कोणीतरी संगणक नाहीतर मोबाइल "साफ" करायला बसेल. त्याला तीन गोष्टी सांगा. आधी मोज, जागा नेमकी कशाने भरली आहे ते. मग प्रत काढ, आणि ती दुसऱ्या घरी ठेव. आमची एक प्रत आता धुळ्याला भावाकडे असते, तापीचे पाणी तिथे पोचत नाही. आणि हे दोन्ही झाल्यावरच पूस. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. कोण कोठून आले, कोणाची आजी कोणत्या गावची, कोणाला कोणता आजार, हे सगळे चार ओळींत मावते आणि ४ एमबीच्या फोटोपुढे ते क्षुल्लक दिसते. पुसायला हात आधी तिकडेच जातो.

अठराशेंपैकी काही लोक अजून येतात. मी नवा केसपेपर काढतो आणि म्हणतो, पहिल्यापासून सांगा. ते सांगतात. ज्यांची सांगणारी माणसे राहिली नाहीत, त्यांची पाने कोरीच राहिली आहेत.